मुठीचा डबा

एक मूठ. मग अंधार.

“खोल श्वास घ्या,” एक अनोळखी पुरुष म्हणाला. खोलीत पुरुष कुणी नव्हता.

एक अंगठा. काचेवर टेकवला. पदराला पुसला. पुन्हा टेकवला.

ज्वारीच्या दाण्यांत हिरव्या बांगडीचा तुकडा.

दगडी चर्चच्या मागं एक चूल आहे. चुलीत मांजर झोपलं आहे.

“राजूबाईचा डबा हाय का अजून?”

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा डबा आहे, आणि वर जे तुकडे सांगितले ते माझं आयुष्य आहे. तुम्हाला ते विस्कळीत वाटले असतील. माझा नाइलाज आहे. माझं झाकण उघडतं तेवढाच वेळ मला दिसतं. एक हात आत येतो, मूठ उघडते, दाणे पडतात, झाकण बसतं. मधल्या काळात मी नुसता ऐकतो. पत्र्याला कान चांगला असतो, पण डोळा क्षणाचाच. म्हणून माझी गोष्ट सलग नाही. तरी मी ती जमेल तेवढी जोडून सांगतो.

माझ्यात पहिल्यांदा वनस्पती तूप होतं. बीदरच्या एका खानावळीत मी रिकामा झालो आणि भंगारात गेलो. तिथून एका पत्रेकाम करणाऱ्यानं मला उचललं. त्यानं माझ्या कडा ठोकून बोथट केल्या, बिजागरीचं झाकण बसवलं, कडी लावली. झाकण बसताना ‘टक्’ असा आवाज येई. तो आवाज मला अजून आवडतो. पुढं मी औराद तालुक्यातल्या चिंताकी गावात, राजूबाईच्या स्वयंपाकघरात आलो. कसा आलो, ते राजूबाईनं कुणाला सांगितलं नाही.

राजूबाईचं घर ख्रिस्ती. गावात अशी घरं थोडी, चर्चच्या आसपासची. त्या घरांत एक रीत होती. भाकरीसाठी परातीत पीठ घ्यायच्या आधी पोत्यातली एक मूठ ज्वारी बाजूला काढायची. ती देवाची मूठ. घरात धान्य भरपूर असो की तळाला लागलेलं असो, मूठ चुकवायची नाही. बाकीच्या घरांतल्या मुठी सुगीनंतरच्या उपकारस्तुतीच्या सणाला चर्चच्या अंगणात जात. तिथं धान्याचा लिलाव होई.

राजूबाई मात्र मला सणापर्यंत थांबवत नसे. महिन्यातल्या एका रविवारी, उपासना संपून माणसं पांगली की ती मला पदराखाली घेई. “कुठं निघालीस, आई?” असं तिचा मुलगा तिप्पण्णा विचारी. “देवाच्या घरी जाऊन येते,” ती म्हणे. आणि चर्चच्या दारावरून पुढं जाऊन, मागच्या गल्लीत वळे.

मागं बसव्वाचं घर होतं. एक खोली, एक चूल, एक मांजर. बसव्वाला पुढं-मागं कुणी उरलं नव्हतं. जन्मभर ती दुसऱ्यांच्या रानात खुरपत आली होती. खुरप्यानं आणि उडदाच्या शेंगांनी तिच्या बोटांवरच्या रेषा पुसून गेल्या होत्या. रेशनच्या दुकानात मशीनच्या काचेवर ती अंगठा टेकवी आणि मशीन तिला ओळखत नसे. दुकानदार म्हणे, “म्हातारे, पुढल्या महिन्यात बघू.” हे ती स्वतःच हसत हसत राजूबाईला सांगे. “मशीनच्या मतं मी मेलेय बघ, राजू. आता मेलेल्या माणसाला तांदूळ कोण देतंय.”

राजूबाई मला तिरपा करी. दाण्यांची धार बसव्वाच्या टोपल्यात पडे. दोघींपैकी कुणीही ‘घे’ किंवा ‘दे’ हा शब्द कधी उच्चारला नाही. मला त्याचा तेव्हा फार अभिमान वाटे. आता वाटतं, एकदा तरी कुणीतरी मोठ्यानं बोलायला हवं होतं. आणखी एखाद्या कानावर पडायला हवं होतं.

राजूबाई उन्हाळ्यात गेली. भाकरी थापता थापता छातीला हात लावून खाली बसली आणि परत उठली नाही. कुणाला काही सांगायला वेळ मिळाला नाही.

मी तिच्या सुनेच्या हातात आलो.

*

नेत्रावतीची मूठ लहान होती. पण ती चुकली नाही, हे मला सांगितलंच पाहिजे.

सासू जायच्या आधी थोडे दिवस नेत्रावतीचं बाळ गेलं होतं. ते बीदरला दवाखान्यात जन्मलं, काचेच्या पेटीत राहिलं आणि तिथूनच गेलं. नेत्रावती बाहेरच्या फरशीवर बसून प्रार्थना करत राहिली होती. राजूबाईनं शेजारणीला सांगताना मी ऐकलं: “तोंड सुकलं पोरीचं, पण थांबली न्हाई.” घरी परत आली त्या सकाळी तिनं पोत्यात हात घातला, मूठ भरली आणि माझ्या काठावर इतक्या जोरात आपटली की बांगडी फुटली. दाण्यांबरोबर हिरवा तुकडा माझ्यात पडला. तिनं तो काढला नाही.

त्या दिवसापासून तिच्या तोंडून प्रार्थनेचा शब्द निघाला नाही. मूठ मात्र रोज पडत राहिली.

घरात एकटी असती तर हे कुणाला कळलं नसतं. पण ख्रिस्ती घरांत बुधवारची घरप्रार्थना असते. आज या घरी, पुढच्या बुधवारी त्या घरी. बायका सतरंजीवर गोल बसतात आणि एकेकीनं आपल्या तोंडानं, मोठ्यानं प्रार्थना करायची असते. पाळी शेजारणीकडून शेजारणीकडे सरकते. नेत्रावतीकडे पाळी आली की गोलाचा आवाज थांबे. कुणीतरी खोकलं, कुणीतरी बांगड्या सारल्या, एवढंच मला ऐकू येई.

आणि मग बसव्वाचा घोगरा आवाज सुरू होई. ती नेहमी नेत्रावतीच्या शेजारी बसे. तिला कमी ऐकू यायचं, त्यामुळे पाळी कुणाची हे आपल्याला कळलंच नाही असं ती दाखवी. लांबलचक प्रार्थना करी. पाऊस, बकऱ्या, पास्टरांची मोटारसायकल, तिप्पण्णाची हैद्राबादची नोकरी, सगळं त्यात येई. त्या आवाजाखाली नेत्रावतीची शांतता झाकून जाई. माझं झाकण बसतं ना, तशी.

मग फोनमध्ये एक अ‍ॅप आलं.

तिप्पण्णा हैद्राबादला एका इमारतीवर वॉचमन होता. त्याच्या सोबतच्या माणसानं त्याला दाखवलं, त्यानं बायकोला पाठवलं. ‘प्रार्थनेचं हाय, ऐक,’ एवढंच म्हणाला. नेत्रावतीनं फोन फळीवर, माझ्या शेजारी ठेवला. आधी पियानो वाजला. मग तो पुरुष बोलला. शहरातली स्वच्छ मराठी. “खोल श्वास घ्या. तुमचं दुःख प्रभूच्या हाती ठेवा.” मग थोडं थांबून, “तुम्हाला शब्द सापडत नसतील, तर माझ्यामागं मनात म्हणा.”

नेत्रावती परात घेऊन उभी होती. ती खाली बसली. बाळ गेल्यापासून ती पहिल्यांदा रडली, ते मी त्या दिवशी ऐकलं. मित्रांनो, त्या अ‍ॅपबद्दल मला वाईट बोलायचं नाही. मी नुसता डबा. मला तिला रडवता आलं नव्हतं.

त्यानंतर रोज संध्याकाळी भाकरी झाल्या की तो आवाज लागे. बुधवारीही ती फोन नेऊ लागली. आपली पाळी आली की तो सतरंजीवर ठेवी आणि फोन तिच्या वाट्याची प्रार्थना करी. बायकांना ते आवडलं. “नेत्रावतीचा फोन किती चांगला बोलतो, पास्टरला पण असं जमत न्हाई,” असं एक जण म्हणाली. बसव्वाला फोनचा आवाज ऐकू येत नसे. ती शेजारी डोळे मिटून बसून राही.

अ‍ॅपचे फुकटचे दिवस संपले ते नेमके आमच्या घरच्या बुधवारी.

पियानो वाजला. आवाज म्हणाला, “हे प्रेमळ पित्या, ज्यांची कूस रिकामी झाली...” आणि थांबला. टिंग असं वाजलं. एका बाईचा आवाज आला: “ही प्रार्थना पुढं ऐकण्यासाठी सदस्य व्हा.”

 मग नेत्रावतीची जाऊ दीपमाला हसली. ती वाईट नव्हती, तिला हसू आवरत नसे इतकंच.

“आगं बया. देवाशी बोलायला पण रिचार्ज लागायलाय का आता?”

एक-दोघी हसल्या. बसव्वानं विचारलं, “काय झालं? कामून हसायलाव?”

“काही न्हाई, मावशी. फोनमधलं बाबा रुसलंय.”

“मग मी करते,” बसव्वा म्हणाली, आणि तिनं सुरू केलं. पण त्या दिवशी तिचा आवाज मधेच तुटत होता. दम लागत होता. शेवटी ती नुसतं “आमेन” म्हणून थांबली. बकऱ्याही राहिल्या, पाऊसही राहिला. कुणाच्या ध्यानात आलं नाही. नेत्रावतीच्या तर नाहीच. तिच्या कानात अजून ती रिकामी कूस आणि ते टिंग वाजत असणार.

*

दुसऱ्या दिवशी बसव्वा दारात आली.

“काय करायलीस, पोरी?”

“काही न्हाई, मावशी. या की आत. चहा टाकते.”

ती आत आली आणि भिंतीला टेकून बसली.  राजूबाई गेल्यापासून माझी बसव्वाच्या घरची फेरी बंद होती. मी काठापर्यंत भरलो होतो. मला कुणी कुठं नेत नव्हतं, कारण कुठं न्यायचं हे कुणाला ठाऊक नव्हतं. ठाऊक असलेली बाई समोर बसली होती, आणि ती मागणारी नव्हती.

“राजूबाईचा डबा हाय का अजून?” तिनं विचारलं.

“हाय की, मावशी. तो काय फळीवर. मी रोज मूठ टाकते. आत्यांची रीत मोडली न्हाई मी.”

“व्हय का,” बसव्वा म्हणाली. “बरं करायलीस.”

नेत्रावतीला वाटलं, म्हातारीला मैत्रिणीची आठवण आली. तिनं झाकण उघडून मला दाखवलंसुद्धा. मला बसव्वाचा चेहरा दिसला. गाल आत गेले होते. ती दाण्यांकडं बघत होती. मग तिनं नजर उचलली आणि चहाच्या कपाकडं वळवली.

“लई भरलाय,” ती म्हणाली.

“सणाला नेईन मग चर्चला.”

“व्हय. सणाला ने.”

झाकण बसलं. टक्.

मित्रांनो, माझ्या कडीला जरा जीभ असती तर! पण मला जे दिलं ते मी धरून ठेवतो, एवढंच मला येतं.

त्याच आठवड्यात तिप्पण्णाचा फोन आला. नेत्रावतीनं हळूच विषय काढला.

“ते अ‍ॅप बंद पडलंय. वर्षाचे पैसे भरा म्हणायलंय.”

“मग राहू दे की.”

 तिकडून गाड्यांचे आवाज येत होते.

“नेत्रा? आगं बोल की.”

“मला झोप लागत न्हाई त्याच्याबिगर,” ती म्हणाली. “अन् बुधवारी माझी पाळी आली की तोंड उघडत न्हाई माझं. समद्या माझ्याकडं बघत बसतात. तुम्ही तिकडं हाव, तुम्हाला काय ठाऊक.”

तिप्पण्णा मग म्हणाला, “पगार झाला न्हाई अजून. आईच्या डब्यात हाय का ज्वारी?”

“ती देवाची हाय.”

“प्रार्थना बी देवाचीच हाय न्हवं? मी माझ्या मनानं सांगत न्हाई. पास्टरला इचार.”

रविवारी पास्टर चहाला आले होते. औरादहून मोटारसायकलवर येणारा तरुण माणूस, सगळ्यांशी गोड. नेत्रावतीनं उभ्या उभ्याच विचारलं.

“सिस्टर, धान्य लिलावात विकून आपण काय घेतो? चर्चचा दिवा, चटई, माइक. म्हणजे प्रार्थनेसाठीच ना? मग हे पण प्रार्थनेसाठीच आहे. मनात किंतू ठेवू नका.”

त्यांचं काही चुकलं असं मला म्हणता येत नाही. त्यांना जेवढं सांगितलं तेवढ्यावर त्यांनी उत्तर दिलं. या घरातली मूठ चर्चच्या दारावरून पुढं जात होती, हे कुणी त्यांना सांगितलं नव्हतं.

नेत्रावतीनं आणखी दोन दिवस काढले. येता-जाता माझ्यावर हात ठेवी आणि उचलून घेई. एकदा झाकण उघडून आत नुसतं बघत उभी राहिली. तिचे ओठ हलले, पण शब्द आला नाही. जर तेव्हा तिला प्रार्थना करता आली असती, तर तिनं देवालाच विचारलं असतं. आणि प्रार्थना करता येत असती, तर विचारायची वेळच आली नसती.

तिसऱ्या दिवशी ती मला कडेवर घेऊन गावातल्या दुकानात गेली. दुकानदारानं मला पोत्यावर पालथा केला. ज्वारी गेली. बांगडीचा तुकडा माझ्या तळाच्या सांध्यात अडकून राहिला. दुकानदारानं तिच्या फोनवर पैसे टाकले आणि तिनं तिथंच उभ्या उभ्या ते पुढं पाठवले.

त्या संध्याकाळी घरात पियानो वाजला. अडलेली प्रार्थना पुढं गेली. ती मी पूर्ण ऐकली. चांगली होती.

*

आता मी रिकामा होतो. फोन टेकवायला नेत्रावतीला काहीतरी उभं हवं होतं. तिनं मला फळीवरून ओट्यावर घेतलं आणि फोन माझ्या झाकणावर, भिंतीला लावून ठेवला. झाकण उघडायचं तर फोन हलवावा लागे. म्हणून पहिल्या दिवशी मूठ राहिली. दुसऱ्या दिवशीही राहिली. मग राहूनच गेली. तिला वाटत असावं, देवाचं आता फोनमधून होतंच आहे.

बुधवारी फोन पूर्ण प्रार्थना करू लागला. पाळी नीट सरकू लागली. एका बुधवारी बसव्वा आली नाही. फोन असल्यामुळे कुठंच खंड पडला नाही. दुसऱ्या बुधवारीही ती आली नाही.

त्यानंतर दीपमाला तिला बघायला गेली आणि धावतच परत आली. त्या दिवशी ती हसत नव्हती.

“अक्का, बसव्वा मावशी आंथरुणाला लागलीया. ताप हाय. घरात दाणा न्हाई. चुलीत मांजर झोपलंय, राख पार थंड. मी म्हणलं, मावशी, सांगितलं कामून न्हाई? तर म्हणतीया...”

“काय म्हणतीया?”

“म्हणतीया, राजूबाईचा डबा आला का.”

 मला नेत्रावतीचा श्वास ऐकू येत होता. माझ्या डोक्यावरचा फोन बाजूला झाला. झाकण उघडलं. तिनं आत पाहिलं. आत हिरवा तुकडा होता.

“आत्या तिकडं न्यायच्या,” ती म्हणाली. “दीपा, आत्या तिकडं न्यायच्या गं.”

तिनं पोतं ओढलं. मूठ नाही, ओंजळींनी, मग सुपानं, दाणे भोवती सांडत तिनं मला भरलं. डोक्यावर घेतलं. चर्चच्या दारावरून आम्ही पुढं गेलो आणि मागच्या गल्लीत वळलो. वाट मला पाठ होती.

माझं झाकण बसव्वाच्या उशाशी उघडलं. तिनं डोळे उघडले. हात माझ्यात घातला. थोडा वेळ तो हात दाण्यांत नुसता राहिला. मग तिनं मूठ मिटायचा प्रयत्न केला. मूठ मिटेना. बोटांमधून दाणे खाली गेले.

दीपमाला चूल पेटवायला वाकली. मांजर उठून दारात बसलं.

“प्रार्थना कर की, पोरी,” बसव्वा म्हणाली.

नेत्रावतीनं फोन काढला. पियानो वाजला. खोल श्वास घ्या. बसव्वाला ते ऐकू येत नव्हतं. ती नेत्रावतीच्या ओठांकडं बघत होती. ओठ हलत नव्हते. बसव्वा बघत राहिली.

नेत्रावतीनं फोन पालथा घातला. तो आवाज जमिनीत तोंड खुपसून बोलत राहिला, मग बंद झाला. तिनं हात जोडले. “पित्या,” ती म्हणाली. बाळ गेल्यानंतर हा शब्द मी तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. त्याच्या पुढं काही आलं नाही. ती पुन्हा म्हणाली, “पित्या.” आणि तशीच बसली. पूर्वी अशा वेळी शेजारून घोगरा आवाज यायचा. त्या दिवशी तो आला नाही. ज्या बाईचा तो आवाज होता ती अंथरुणावर पडून वाट बघत होती.

भरडलेल्या दाण्यांच्या कण्या चुलीवर शिजल्या. बसव्वानं दोन घोट घेतले आणि तोंड फिरवलं.

ती दुसऱ्या सकाळी गेली. ताप होता, असं सगळे म्हणाले. भुकेनं गेली असं कुणी म्हणालं नाही. पास्टर आले, चांगलं बोलले, मातीला माणसं बऱ्यापैकी जमली. तेवढ्यात नेत्रावतीच्या कमरेला खोचलेला फोन वाजला. ‘काल तुमची प्रार्थना अपुरी राहिली.’ ते आत, माझ्याजवळ उभी असताना तिनं पुटपुटत वाचलं आणि फोन बंद केला.

मला परत न्यायला कुणी आलं नाही. मी बसव्वाच्याच खोलीत आहे. ज्वारीला आत टोके किडे लागले आहेत, तळाशी गंज धरला आहे. माझ्या झाकणावर मांजर झोपतं. मागच्या भिंतीतून चर्चमधलं सगळं ऐकू येतं. बायकांची प्रार्थना आता तिथंच भरते. नेत्रावतीकडं पाळी आली की तिथं शांतता पसरते. फोन वाजत नाही. अ‍ॅपचं वर्ष मात्र अजून चालू आहे. भरलेले पैसे परत मिळत नाहीत म्हणे. त्या शांततेत दीपमालाही हसत नाही. सगळ्या थांबतात, आणि मग पाळी पुढं सरकते.

मित्रांनो, तुमच्याही घरात असा एखादा डबा असेल. त्याला घासा, पुसा, उन्हात ठेवा, हे तर मी सांगेनच. पण त्याहून आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, की हा डबा कुणाच्या दारी जातो. ते माणूस असेपर्यंत विचारा. आणि दारात येऊन कुणी तुमच्या डब्याची चौकशी केली, तर चहा द्याच, पण झाकण उघडून नुसतं दाखवू नका.

मला राजूबाईच्या घरी बसव्वानं आणलं होतं, बहात्तरच्या दुष्काळात, ज्वारीनं अर्धा भरलेला.